बुजऱ्या वछेऱ्याला रस्त्याची सवय : मोरकीपासून यात्रेपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून वछेरा, म्हणजे तरुण घोडा, घेतला, रात्रभराच्या प्रवासानंतर टेम्पोतून उतरवला, आणि आता तो फाटकाबाहेर पाय टाकायला तयार नाही. दत्तजयंतीची यात्रा उरकली की पुढचा महिना-दीड महिना आमच्या बारामती-फलटण भागातल्या नव्या हौशी मालकांची हीच तक्रार असते. "अहो, बाजारात तर इतका गरीब होता!"

बाजारात तो गरीब होता, कारण आजूबाजूच्या दावणींना शेकडो घोडी उभी होती. घोडा कळपाचं जनावर आहे. बाकीची निवांत वैरण खात असली की त्यालाही धीर असतो. तुमच्याकडे तो एकटा आहे, जागा नवी, माणसं नवी, आणि डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. फाटकासमोरून दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जाणार, त्यांच्यावर कर्णे वाजत असणार. त्यानं बुजू नये तर काय करावं?

दोन ते चार वर्षांचा वछेरा किंवा वछेरी पहिल्यांदाच घरी आणलेल्यांसाठी हे लिहितोय. मारवाडी असो, काठियावाडी असो की आपलं भीमथडी, पद्धत तीच. सगळं काम जमिनीवर उभं राहून करायचं आहे. पाठीवर बसण्याचा विषय यात नाही. तो तीन वर्षं पुरी झाल्यावर, जाणकार माणूस हाताशी ठेवून.

आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ वछेऱ्याला ओढत न्यायचं नाही. ते दिसेल पण त्याचा धीर सुटणार नाही एवढ्या लांब थांबायचं, तो सैल पडेपर्यंत वाट बघायची, आणि तिथूनच परत फिरायचं. परत फिरायला मिळतं हे त्याला कळलं की पुढच्या वेळी तो आपणहून दोन पावलं जास्त येतो.

गावोगाव याच्या उलट सल्ला मिळेल : "खांबाला बांधा, समोर डीजे लावा, दोन दिवसांत गार होतो." गार होतो हे खरं. पण ते हार मानणं असतं, भीती जाणं नव्हे. असा वछेरा वरून दगडासारखा उभा दिसतो आणि एखाद्या लग्नात, पाठीवर नवरदेव असताना, चौखूर उधळतो.

१. आधी दुखणं शोधा

दुखऱ्या जनावराला जग जास्तच भीतीदायक वाटतं. म्हणून पहिलं काम पशुवैद्याचं. दात दाखवा. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात. म्हणजे तुम्ही ज्या वयात त्याच्या तोंडात लगाम घालायची घाई करता, नेमकं त्याच वयात तोंड हुळहुळं असतं. खूर नालबंदाला दाखवा. डोळ्यांत फूल किंवा पांढुरका डाग आहे का ते उजेडात बघून घ्या. एका डोळ्याने कमी दिसणारं घोडं त्या बाजूने कायम बुजतं, आणि आपण त्याला खोडकर ठरवतो.

दुसरं, चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा. नवा मालक प्रेमाने हरभरा, बाजरी, गूळ भरभरून देतो, दिवसभर तबेल्यात बांधून ठेवतो आणि संध्याकाळी शिकवायला बाहेर काढतो. अंगात इतकी रग साठलेलं जनावर काय ऐकणार? शिकवणी चालू असेपर्यंत दाणा कमी, कडबा आणि सुका चारा जास्त, आणि रोज काही तास कुंपणाच्या आत मोकळं फिरणं. सोबतीला म्हातारी घोडी मिळाली तर उत्तम. नाहीतर शेळीसुद्धा चालते, चेष्टा नाही.

आणि एक उलटी खूण. कालपर्यंत उड्या मारणारा वछेरा अचानक शहाणा झाला, मान टाकून उभा राहिला, तर आनंद मानू नका, ताप बघा. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्याकडे मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग चढ-उतार होणारा ताप आणि अशक्तपणा घेऊनच येतो.

२. सामान

- नीट बसणारी सुती किंवा नायलॉनची मोरकी, म्हणजे लगाम नसलेला तोंडावरचा पट्टा. नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं.
- बारा फुटी जाड सुती दोर. नायलॉनचा दोर घसरला की तळहाताची साल काढतो.
- पंचवीस फुटी लांब दोर, मोकळ्या जागेतल्या कामासाठी.
- हातमोजे, बंद बूट, हेल्मेट. हेल्मेट जमिनीवरच्या कामातसुद्धा घालायचं. लाजू नका.
- चार फुटी काठी, टोकाला फडकं बांधलेली. मारण्यासाठी नाही, तो तुमचा लांब हात आहे.
- खरारा (अंग घासायचा ब्रश), जुनी ताडपत्री, छत्री, खताची रिकामी पोती, प्लास्टिकच्या पिशव्या.

काटेरी लगाम बाजारात उघड टांगलेला दिसेल आणि विकणारा "याच्याशिवाय आवरणार नाही" असंही म्हणेल. घेऊ नका. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये केलेल्या नियमांत टोकदार लगाम आणि टोकदार काठी दोन्हींना मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे : वछेरा एसटीला बुजतो, तुम्ही लगाम ओढता, तोंडात कळ येते, आणि एसटी आली की तोंड दुखतं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

दोर हाताला गुंडाळायचा नाही. कधीच नाही, क्षणभरही नाही. जादा दोराच्या घड्या करून मुठीत धरा. खुंट्याला बांधताना ओढली की सुटणारी गाठ मारा, आणि दोर थेट कड्यात न अडकवता मध्ये सुतळीचा एक वेढा ठेवा. जोराचा हिसका बसला तर सुतळी तुटावी, मान नाही.

३. अंगणातले चार धडे

चल, थांब, मागे, मान खाली. हे चार पक्के होईपर्यंत फाटक उघडू नका.

पहिले तीन बहुतेकांना जमतात. चौथ्याकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि बाहेर पडल्यावर सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो. कानामागे मानेवर तळहात ठेवा, दोर अगदी हलका खाली ताणा, आणि मान बोटभर जरी खाली आली तरी दोन्ही हात लगेच काढून घ्या. हात किती चटकन निघतो यावर सगळं आहे. सुरुवातीला तो मान उलट वर ताणेल. ओढाताण करू नका, तेवढाच हलका ताण धरून थांबा. काही दिवसांत बोट टेकवलं की मान गुडघ्यापर्यंत येते.

पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी चालवा. घोडा डाव्या बाजूने धरायची आपली पद्धत आहे, त्यामुळे उजवीकडून कुणी धरलं तर वछेरा गोंधळतो. रस्त्यावर मात्र तुम्हाला उजवीकडूनच धरावं लागणार आहे. का ते पुढे येईल.

तुम्ही कायम खांद्यापाशी. अगदी समोर नाही, अगदी मागे तर नाहीच. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची पट्टी त्याला दिसत नाही. कौतुकाने कपाळावर थाप मारायला जाऊ नका, खांद्यावर खाजवा.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. एक गोष्ट नीट झाली की थांबायचं. "आता जमतंय तर अजून थोडं" हा मोह फार वाईट.

४. तो काय सांगतोय

भीती चढताना : मान उंच, कान एकाच दिशेला टवकारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, शेपटी दाबलेली, श्वास अडकलेला. पाठोपाठ पातळ लीद टाकतो. भीती उतरताना : पापण्या मिटतात, ओठ चाटतो, चघळल्यासारखं करतो, लांब फुरफुरतो, मान खाली येते, एक मागचा पाय सैल सोडतो.

या दोन यादींच्या मध्ये एक जागा आहे, जिथे तो बघतोय पण अजून विचार करू शकतोय. एक कान त्या वस्तूकडे आणि एक तुमच्याकडे, हे तिचं लक्षण. काम तिथेच करायचं. दोन्ही कान तिकडे गेले आणि तुमची हाक ऐकूच येईनाशी झाली, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. मागे फिरा.

५. ओळखीच्या जागी अनोळखी वस्तू

पिशवीपासून सुरुवात करा. काठीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधा, वछेऱ्याचा दोर मदतनिसाच्या हातात द्या, आणि पिशवी फडफडवत वछेऱ्यापासून *दूर* चालायला लागा. मदतनिसाने त्याला मागून आणायचं. जे आपल्यापासून पळतंय त्याच्या मागे जायला घोड्याला भीती वाटत नाही, उलट कुतूहल वाटतं. थोड्या फेऱ्यांत तो मान लांबवून पिशवी हुंगायला बघतो. हुंगू द्या, आणि मग पिशवी तुम्हीच मागे घ्या. तो पुढे आला आणि वस्तू मागे सरली, यातून त्याला जो धीर येतो तो गुळाच्या खड्याने येत नाही.

नंतर तीच पिशवी खांद्यावर, पाठीवर, पुठ्ठ्यावर, पोटाखाली. फिरवताना एक ठेका ठेवा : तीनदा स्पर्श, मग बाजूला. तो हलला तर पिशवी त्याच्यासोबत तशीच हलवत राहा, आणि पाय थांबले की त्या क्षणी काढा. तो हलल्यावर तुम्ही घाबरून पिशवी काढलीत, तर हललं की पिशवी जाते हेच तो शिकणार. बहुतेकांचं गाडं इथे बिघडतं.

डावीकडे जमलं म्हणून उजवीकडे जमेल असं धरू नका. तिकडून पहिल्यापासून सुरू करा.

ताडपत्री आधी घडी घालून, काठीच्या रुंदीएवढी, आणि तीही दोन्ही बाजूंना जागा सोडून. ओलांडून जाऊ द्या, उडी मारली तरी चालेल. हळूहळू घडी उलगडा. या वेळी मान मोकळी सोडा, कारण पायाजवळचं नीट बघायला घोड्याला मान खाली घालावी लागते. दोर आखूड धरून मान वर ठेवलीत तर तो आंधळ्यासारखाच पाऊल टाकणार. हीच गोष्ट पुढे डांबरी रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पाण्याची डबकी, गतिरोधक आणि गटारावरच्या जाळ्या यांना लागू.

छत्री आधी उघडून जमिनीवर ठेवलेली, मग मिटलेली हातात, सगळ्यात शेवटी समोर उघडणं. फवारणीचा पंप आधी दुसऱ्या दिशेला तोंड करून. पत्र्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये न्यायचं असेल तर दारात थांबा. उन्हातून अंधारात गेल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तो अडत नसतो, त्याला खरंच दिसत नसतं.

६. आवाज

मोबाइलवर ढोल-ताशा, फटाके, ट्रॅक्टर, हॉर्न यांचे आवाज मिळतात. वैरण खाताना, लांबून, अगदी हळू लावा. त्याने खाणं थांबवलं तर आवाज जास्त आहे. महिनाभर हळूहळू वाढवत न्या. मात्र स्पीकरचा ढोल वेगळा आणि जमिनीतून पायाला जाणवणारा खरा ढोल वेगळा, हे लक्षात ठेवा.

७. फाटकाबाहेर

पहिली बाहेरची फेरी सकाळी, वारं नसताना, पोटात थोडी वैरण असताना. वाऱ्याच्या दिवशी जुनी घोडीही अस्वस्थ होतात. सगळीकडून हालचाल आणि आवाज येतात, कुठून काय येतंय ते कळत नाही.

सोबत अनुभवी घोडं असेल तर ते पुढे, तुमचा मागे. काही दिवसांनी शेजारी, मग तुमचा पुढे, आणि मग एकटा. शेवटची पायरी गाळू नका, नाहीतर जोडीशिवाय न हलणारं घोडं तयार होतं.

पहिल्या दिवशी फाटकाबाहेर विजेच्या खांबापर्यंत गेलात तरी भरपूर झालं. उभे राहा, गवत खाऊ द्या, परत या. येताना तो घराकडे ओढेल. तेव्हा थांबवा, दोन पावलं मागे घ्या, मग पुढे. आणि घरी आल्याबरोबर चंदी देऊ नका, थोडं अंगणात काम करून घ्या. नाहीतर परतीची वाट हीच त्याची शर्यत होते.

८. उसाची ट्रॉली, एसटी, कुत्री

आमच्याकडचा खरा राक्षस ट्रॉली. रस्त्याच्या रुंदीएवढी, बाहेर लोंबणारे ऊस रस्त्याकडेच्या झाडांना घासून सळसळणारे, वर गाणी, मागे दुसरी ट्रॉली. तिच्याशी पहिली भेट रस्त्यावर होऊ देऊ नका. तोड चालू असलेलं ओळखीचं रान गाठा. इंजीन बंद करून उभी असलेली ट्रॉली लांबून दाखवा. तिच्याजवळ जमिनीवर दोन-चार हिरवे वाढे (उसाचे शेंडे) टाकून ठेवा आणि तो मान लांबवून ओढून घेतो का बघा. घेतलं की परत. दुसऱ्या दिवशी इंजीन चालू. मग ट्रॅक्टरवाल्याला विनंती करा की हळू पुढे जा, आणि तुम्ही मागून चाला. पिशवीचाच धडा, मोठ्या आकारात. चहा पाजला की ट्रॅक्टरवाले तयार होतात.

हे झाल्यावरच रस्ता, आणि तोही शेतातून : पन्नास फूट आत उभे राहून ट्रॉल्या जाताना बघायच्या. मग तीस फूट. मग बांधावर.

रस्त्याने चालताना डावी कड धरा आणि स्वतः घोड्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे घोडा आणि वाहनं यांच्या मध्ये राहा. वाहनाला बुजला तर तो शेताकडे सरकेल, रस्त्यात नाही. शेताच्या बाजूने काही उठलं तर मात्र तो तुमच्या अंगावर येतो, म्हणून हातभर अंतर आणि कोपर त्याच्या खांद्याकडे ठेवा. अंगात भडक रंगाचं, रात्री चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवं. पण अंधारात जाऊच नका.

एसटीच्या आकारापेक्षा एअर ब्रेकचा फुस्स आवाज जास्त बुजवतो. थांब्यापासून लांब उभे राहून ऐकवा. आवाज न करता मागून येणाऱ्या विजेच्या स्कूटर ही नवी भर. घरच्याच कुणाला तरी मागून हळू आणायला सांगून सराव करा.

कुत्री पळणाऱ्याच्या मागे लागतात. थांबा, वछेऱ्याचं तोंड कुत्र्याकडे वळवा, उभे राहा. बहुतेक कुत्री तिथेच थांबतात.

९. बुजलाच तर

बुजणार. तेव्हा दोर सैल ठेवून त्याचं तोंड तुमच्याकडे वळवा, म्हणजे लाथेचं टोक तुमच्यापासून दूर जातं. लहान गोल फिरवा, थांबला की श्वास सोडा, मान खाली मागा. ओरडू नका. "बस बस बस" असं घाईघाईने पुटपुटत थापट्याही मारू नका. त्याला तुमचीही घाबरगुंडी कळते. दोर हातातून सुटतोय असं वाटलं तर सोडून द्या. दोराशी झोंबत फरफटत जाण्यापेक्षा घोडं शोधायला जाणं परवडतं.

एखाद्या दिवशी कालचं जमलेलं आज जमणार नाही. जमलं होतं त्या अंतरावर परत जा.

१०. गाडी आणि कागदपत्रं

टेम्पोत चढवायचा सराव प्रवासाच्या आदल्या दिवशी नको. गाडी सपाट जागी, मागचा भाग उंचवट्याला लावून, तळाला पेंढा किंवा वाळू. आज पुढचे दोन पाय आत, मागे. उद्या चारी पाय, मागे. मागे उतरणं आत जाण्याइतकंच शिकवावं लागतं.

जवळ ठेवायची कागदं :

- खरेदीची पावती, त्यात रंग, खुणा, भोवरे (अंगावरच्या केसांचे) आणि वय लिहिलेलं.
- दोन्ही बाजूंचे आणि समोरचा असे स्पष्ट फोटो.
- लसीकरणाची नोंद. धनुर्वाताची लस घोड्याला अत्यावश्यक. रेबीज आणि इन्फ्लुएंझाबद्दल पशुवैद्याला विचारा.
- ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याने ठेवता येत नाही. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीचं देशातलं मुख्य ठिकाण.
- प्रवासाला निघताना जनावर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला.

बाजारात "कागद मागून पाठवतो" म्हणणारे भेटतील. पैसे पण मागून पाठवतो म्हणा.

११. मिरवणूक आणि यात्रा

सगळं वरचं जमलं तरी चार वर्षांच्या आत लग्नाच्या वरातीला देऊ नका, पाहुणे कितीही गळ घालोत. पहिली यात्रा बाहेरून दाखवा : गावाच्या वेशीजवळ, ढोल ऐकू येईल पण गर्दी अंगावर येणार नाही अशा जागी, अर्धा तास. निघायची वाट मोकळी असलेली जागा निवडा. लहान मुलांना पोटाखालून पलीकडे जाऊ देऊ नका. गुलाल-भंडारा डोळ्यांत आणि नाकात जातो, तो अंगावर उधळू नका हे आधीच सांगून ठेवा.

दिवाळीच्या रात्री शिकवणीची हौस नको. आत, ओळखीच्या जागी, भरपूर वैरण, सोबतीला दुसरं जनावर, आणि एक दिवा लावलेला.

आणि वछेरा मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय तुमच्यावर टाकत असेल, किंवा कान पाडून मुद्दाम लाथ झाडत असेल, तर हा लेख बंद करून अनुभवी चाबूकस्वार, म्हणजे घोडी शिकवणारा माणूस, गाठा. मात्र घोडं सोपवण्याआधी त्याच्याकडची इतर घोडी तो जवळ आल्यावर काय करतात ते पाहून घ्या. कोपऱ्यात सरकत असतील तर दुसरा माणूस शोधा.